मनात वस्तू फिरते तेव्हा : संप्रेरके आणि अवकाशबोध

वसई रोड स्थानकातून पूर्वेला उतरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या दिशेने निघाले की गोखिवरे, सातिवली, वालीव अशी सलग औद्योगिक वस्ती लागते. पलीकडे तुंगारेश्वरचे डोंगर आणि अलीकडे गाळ्यांच्या रांगा : लेथ, मिलिंग, प्लास्टिक मोल्डिंग, प्रेसकाम, पॅकिंग. डब्याचे झाकण, स्विचबोर्ड, पेनाचे टोपण अशा रोजच्या वस्तूंच्या मागे कुठेतरी एक पोलादी साचा असतो, आणि तो घडवणाऱ्या टूलरूमच्या कारागिराला एक विलक्षण गोष्ट जमावी लागते. त्याला वस्तू उलटी दिसावी लागते. टोपणाला जिथे फुगवटा, तिथे पोलादात खळगा. कोअर कुठे, कॅव्हिटी कुठे, पार्टिंग लाइन कुठून जाईल, साचा उघडल्यावर जॉब कोणत्या बाजूला चिकटून राहील आणि इजेक्टर पिनने तो नेमका कुठे ढकलायचा, हे सगळे यंत्र सुरू होण्याआधी डोक्यात घडून गेलेले असते. समोर असतो तो फक्त ड्रॉइंगचा कागद. त्यावर समोरून, वरून आणि बाजूने दिसणाऱ्या तीन सपाट आकृत्या. आपल्याकडच्या फर्स्ट अँगल पद्धतीत वरून दिसणारे दृश्य कागदावर खाली काढतात. नवख्या पोराचा पहिला गोंधळ तिथेच होतो. आयटीआयच्या फिटरपासून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात ड्रॉइंगला केटी लागलेल्या विद्यार्थ्यापर्यंत सगळ्यांनी हा घाट चढलेला असतो.

सपाट रेषांतून घन वस्तू उभी करणे, ती मनात फिरवणे, दोन भाग एकमेकांत बसतील की नाही हे आधीच ओळखणे, या क्षमतेला मानसशास्त्रात अवकाशीय विचार म्हणतात. गेली सुमारे पन्नास वर्षे शास्त्रज्ञ एक प्रश्न विचारत आले आहेत : वृषण, बीजांडकोश आणि अधिवृक्क ग्रंथींमधून रक्तात उतरणारी लिंगसंप्रेरके या क्षमतेला हात लावतात का? लावत असतील तर कधी, आणि किती? या प्रश्नाकडे लोक बहुधा ‘पुरुष हुशार की बाई’ या भांडणासाठी वळतात. मला त्यातली खरी नवलाची गोष्ट वेगळी वाटते. एकाच माणसाच्या एकाच मेंदूत, त्याच्या आयुष्यात आणि कधी कधी एकाच महिन्यात, ही रसायने काय काय हलवतात, ते पाहण्यासारखे आहे.

आधी मोजमापाची गोष्ट. १९७१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना चौकोनी ठोकळे जोडून केलेल्या वाकड्यातिकड्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या. प्रश्न एकच : या दोन्ही आकृत्या एकाच वस्तूच्या आहेत, की एक दुसरीचे आरशातले रूप आहे? निष्कर्ष इतका स्वच्छ निघाला की तो आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला लागणारा वेळ जास्त. आलेखावर जवळजवळ सरळ रेषा. वेग साधारण सेकंदाला साठ अंश. म्हणजे माणूस मनातली वस्तू खरोखरच ‘फिरवतो’, आणि तिला फिरायला वेळ लागतो. विचारासारख्या न दिसणाऱ्या गोष्टीचा वेग असा अंशांत मोजता यावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

या आकृत्यांवरून १९७८ मध्ये व्हँडेनबर्ग आणि क्यूस यांनी कागद-पेन्सिलीची चाचणी तयार केली, आणि ती जगभर पसरली. तिच्यात स्त्री-पुरुषांच्या सरासरी गुणांमध्ये अंतर पडते. आकलनक्षमतेच्या चाचण्यांत आढळणाऱ्या अशा अंतरांपैकी हे सर्वांत मोठ्यांमधले आहे, म्हणून त्याची चर्चाही सर्वांत जास्त. पण ‘सर्वांत मोठे’ म्हणजे केवढे? १९९५ साली व्हॉयर आणि सहकाऱ्यांनी शेकडो निष्कर्ष एकत्र करून काढलेल्या आकड्याचा साध्या भाषेत अर्थ असा : स्त्रियांच्या सरासरीच्या वर साधारण सत्तर टक्के पुरुष येतात. उरलेले तीस टक्के पुरुष त्या सरासरीच्या खाली असतात. दोन गटांचा बराच मोठा भाग एकमेकांवर पसरलेला असतो, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या एका व्यक्तीबद्दल तिचे लिंग पाहून काही सांगता येत नाही. शिवाय घड्याळाची घाई काढून घेतली की हे अंतर कमी होते, हेही पुढे पुष्कळ अभ्यासांतून दिसले.

उलट्या दिशेची चाचणीही आहे. १९९२ मध्ये आयर्विन सिल्व्हरमन आणि मॅरियन ईल्स यांनी लोकांना अनेक वस्तूंचे चित्र दाखवले, मग काही वस्तूंच्या जागा बदलल्या आणि काय हलले ते विचारले. इथे स्त्रिया पुढे होत्या. त्यावरून शिकारी पुरुष आणि कंदमुळे गोळा करणारी स्त्री अशी उत्क्रांतीची एक गोष्ट रचली गेली. गोष्ट वाचायला गोड आहे, पण हजारो वर्षांपूर्वीच्या दिनक्रमाचा पुरावा आजच्या प्रयोगशाळेतल्या चित्रातून काढणे मला पटत नाही. निष्कर्ष मात्र लक्षात ठेवण्याजोगा : अवकाशबोध ही एकच क्षमता नाही. फिरवणे वेगळे, जागा लक्षात ठेवणे वेगळे, वाट शोधणे आणखी वेगळे.

आता रसायनाकडे. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायोल आणि प्रोजेस्टेरॉन ही तिन्ही संप्रेरके शरीर कोलेस्टेरॉलपासून बनवते. तिन्ही दोन्ही लिंगांत असतात. प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या दहापटीहून जास्त असते, पण स्त्रीच्या शरीरातही ते काम करतेच. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे अॅरोमाटेज नावाचे एक विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर थेट इस्ट्राडायोलमध्ये करते, आणि हे विकर मेंदूतही असते. म्हणजे ज्याला आपण ‘पुरुषी’ संप्रेरक म्हणतो, ते मेंदूत पोहोचून आपले काही काम ‘बायकी’ संप्रेरक होऊन करते.

हे रेणू मेदात विरघळणारे असल्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत त्यांना फारशी अडवत नाही. या वाटेवर आपल्याकडेही महत्त्वाचे काम झाले. डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी १९७०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये रिसस माकडांवर प्रयोग करून दाखवले, की नाकात फवारलेली लिंगसंप्रेरके मेंदूभोवतीच्या द्रवात पोहोचतात आणि प्रोजेस्टेरॉनच्या अशा फवाऱ्याने बीजमोचन थांबवता येते. पुढे ते मुंबईत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक झाले. १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म घडवणारे शास्त्रज्ञ तेच. भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचे श्रेय कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे आहे, हे कागदपत्रे तपासून त्यांनी स्वतःच पुढे जाहीर केले. इतक्या उंचीवरून स्वतःचा मान असा खाली ठेवणारी माणसे विज्ञानात क्वचित भेटतात, म्हणून हे इथे नोंदवावेसे वाटले.

संप्रेरकांचे मेंदूवरचे काम दोन तऱ्हांनी चालते, ही मांडणी १९५९ सालची. कॅन्सस विद्यापीठात फीनिक्स, गॉय, जेराल आणि यंग यांनी गर्भार गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन दिले, तेव्हा त्यांच्या मादी पिल्लांचे मोठेपणीचे वर्तन कायमचे बदलले. जन्माआधी संप्रेरक मेंदूची घडण करते आणि मोठेपणी त्या घडलेल्या मेंदूला तात्पुरते चेतवते, असा याचा सारांश. माणसाच्या मुलग्यात गर्भाच्या आठव्या आठवड्याच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन वाढू लागते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्याची आणखी एक लाट येऊन ओसरते.

माणसांवर असा प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये. निसर्गाने मात्र काही दारे उघडी ठेवली आहेत. जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी हा एक आनुवंशिक विकार. त्यात अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसोल नीट बनवता येत नाही आणि त्याचा कच्चा माल अँड्रोजेनांकडे, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या कुळातल्या संप्रेरकांकडे वळतो. अशा मुली गर्भातच जास्त अँड्रोजेनांना सामोऱ्या जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळांची तपासणी केली, तेव्हा दर ५,७६२ बाळांमागे एकाला हा विकार आढळला. वेळेवर निदान झाले नाही तर मीठ आणि पाणी निघून जाऊन बाळ दगावू शकते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाने तो कळतो आणि औषधाने आटोक्यात राहतो. अवकाशबोधाचे कुतूहल बाजूला ठेवले, तरी ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

या मुलींच्या चाचण्या एकत्र करून डेव्हिड पुट्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पाहिले, तेव्हा अवकाशीय कामांत त्या इतर मुलींपेक्षा सरासरीने पुढे दिसल्या. हाच विकार असलेले मुलगे मात्र इतर मुलग्यांच्या मागे होते. त्यात आणखी एक धागा आहे. शेरी बेरेनबॉम आणि मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये दाखवले होते, की या मुली गाड्या, ठोकळे अशी खेळणी जास्त निवडतात. मग मेंदूची घडण थेट बदलली, की आवड बदलली आणि त्या आवडीने वर्षानुवर्षांचा सराव दिला? बहुधा दोन्ही. संप्रेरक हातात ठोकळा देते आणि ठोकळा मेंदूला शिकवतो, ही दुसरी वाट मला अधिक विचार करायला लावणारी वाटते.

दुसरे दार पुरुषांच्या बाजूचे. १९८२ मध्ये हायर आणि क्राउली यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९ पुरुषांची माहिती छापली. त्यांचे शरीर तारुण्यात येताना पुरेसे टेस्टोस्टेरॉन बनवतच नव्हते. शब्दांच्या कामात ते इतरांइतकेच होते, अवकाशीय कामात बरेच मागे. नंतर टेस्टोस्टेरॉन देऊनही ती उणीव भरून निघाली नाही. घडणीची वेळ टळून गेली की चेतवण्याने फारसे साधत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मोठेपणी चेतवण्याचे काय? कॅनडातल्या डोरीन किमुरा आणि एलिझाबेथ हॅम्पसन यांनी १९८०च्या दशकात मासिक पाळीच्या टप्प्यांशी क्षमतांचा संबंध शोधायला घेतला. २००० साली जर्मनीत मार्कुस हाउसमान, ओनुर ग्युन्ट्युर्क्युन आणि सहकाऱ्यांनी आठ स्त्रियांचे रक्त सहा आठवडे दर तीन दिवसांनी तपासले. पाळीच्या दिवसांत, म्हणजे इस्ट्राडायोल तळाला असताना, वस्तू मनात फिरवण्याचे गुण वर गेले. बीजमोचनानंतरच्या मधल्या टप्प्यात खाली आले. ज्या दिवसांत घरोघरी बायकांना कमकुवत समजले जाते, त्याच दिवसांत ही चाचणी त्यांना चांगली जात होती. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये आन्द्रे आलेमान आणि सहकाऱ्यांना तरुण स्त्रियांत टेस्टोस्टेरॉनच्या एकाच मात्रेने काही तासांत गुण वाढलेले दिसले. आणि गूची व किमुरा यांच्या १९९१च्या अभ्यासात तर गंमतच झाली : स्त्रियांमध्ये जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या पुढे होत्या, पुरुषांमध्ये कमी असलेले. जास्त म्हणजे चांगले हे गणित तिथेच मोडते. मधली कुठलीतरी पातळी सोयीची असावी, असा अंदाज त्यातून पुढे आला.

इथपर्यंतची गोष्ट वाचून थांबणारे फार. पुढचे वाचायला हवे. आठ स्त्रिया म्हणजे फार लहान गट. २०१० मध्ये पुट्स आणि सहकाऱ्यांनी तीनशेहून जास्त स्त्री-पुरुषांच्या लाळेतले टेस्टोस्टेरॉन मोजले. वस्तू फिरवण्याच्या गुणांशी त्याचा मेळ बसला नाही. २०१७ मध्ये ब्रिगिटे लीनर्स यांच्या गटाने स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या स्त्रियांना लागोपाठ दोन पाळ्यांमध्ये तपासले. पहिल्या पाळीत दिसलेले काही संबंध दुसऱ्या पाळीत टिकलेच नाहीत. २०२५ मध्ये १०२ शोधनिबंधांतल्या ३,९४३ स्त्रियांची माहिती एकत्र केलेला आढावा प्रसिद्ध झाला. पाळीच्या टप्प्याने आकलनक्षमतेत ठाम असा फरक पडतो, याचा पुरावा त्यात मिळाला नाही. ‘त्या दिवसांत बाईचे डोके चालत नाही’ असे म्हणणाऱ्याला विज्ञानाने दिलेले हे सरळ उत्तर आहे.

मग संप्रेरके मेंदूत काहीच करत नाहीत का? करतात, आणि जे करतात ते डोळ्यांनी पाहता येते. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कॅथरीन वूली, एलिझाबेथ गूल्ड, माया फ्रँकफर्ट आणि ब्रूस मॅकइवेन यांनी उंदरांच्या माद्यांचा हिप्पोकॅम्पस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हिप्पोकॅम्पस म्हणजे जागा आणि वाटा लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग. लंडनच्या टॅक्सीचालकांत त्याचा मागचा भाग मोठा असल्याचे एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवले, तो हाच. तिथल्या चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात आणि दुसऱ्या पेशीचा संदेश त्या काट्यांवर येऊन टेकतो. या माद्यांचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे. इस्ट्रोजेन चढते तेव्हा काटे दाट होतात आणि पुढच्या चोवीस तासांत त्यांची दाटी सुमारे तीस टक्क्यांनी घटते. प्रौढ मेंदू एकदा घडला की घडला, असे त्या काळी शिकवत असत. दर चार-पाच दिवसांनी जोडण्या उगवतात आणि मावळतात, हे पाहून त्या शिकवणीला तडा गेला.

इतकी उलथापालथ होऊनही चाचणीतले गुण फारसे का हलत नाहीत, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. एक शक्यता अशी की मेंदू तेच काम दुसऱ्या रीतीने करतो. तीच आकृती एकजण सबंध फिरवून ओळखतो, दुसरी तुकड्यातुकड्याने पडताळत ओळखते, आणि दोघांचेही उत्तर बरोबर येते. गुणपत्रिकेत वाट दिसत नाही, मुक्काम दिसतो.

डोळ्यांचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अवकाशबोधाची सुरुवात तिथेच होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात इस्रायल अब्रामोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन निबंध छापले. बारीक तपशील आणि भरभर हलणाऱ्या रेषा पुरुषांना सरासरीने अधिक चांगल्या दिसल्या; रंगांच्या जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखण्यात स्त्रिया सरस होत्या, आणि तोच रंग दिसायला पुरुषांना किंचित लांब तरंगलांबीचा प्रकाश लागला. मेंदूच्या दृष्टी सांभाळणाऱ्या बाह्यस्तरात अँड्रोजेन स्वीकारणाऱ्या जागा भरपूर असतात, त्यातून हा फरक आला असावा असे अब्रामोव्ह यांचे म्हणणे. लाल-हिरवा रंग न कळणे पुरुषांत जास्त असते, त्याचे कारण मात्र वेगळे. तो दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांचा. संप्रेरकांचा त्यात हात नाही. थेट डोळ्यावरचा परिणाम पाहायचा तर गरोदरपणात दिसतो. तेव्हा बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची जाडी आणि वक्रता थोडी बदलते, चष्म्याचा नंबर तात्पुरता हलू शकतो, आणि म्हणून नेत्रतज्ज्ञ त्या काळात लेसर शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सांगतात. पापण्यांच्या कडेला तेल सोडणाऱ्या ग्रंथी अँड्रोजेनांवर चालतात; पाळी जाण्याच्या वयात अनेकींना डोळे कोरडे पडल्याची तक्रार का सुरू होते, याचे एक कारण तिथे आहे.

प्राण्यांमध्ये हा सगळा खेळ अधिक उघड दिसतो. अमेरिकेतल्या कुरणात राहणाऱ्या एका वोल उंदरात नर विणीच्या काळात मोठा मुलूख पालथा घालतो. स्टीव्हन गॉलिन आणि सहकाऱ्यांना त्याचा हिप्पोकॅम्पस मादीपेक्षा मोठा आढळला. जोडीने संसार करणाऱ्या त्याच्या जवळच्या जातीत तसा फरक नाही. काउबर्ड हा पक्षी आपल्या कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो आणि ती घरटी हेरून लक्षात ठेवण्याचे काम मादीचे. तिथे १९९३ मध्ये डेव्हिड शेरी यांना मादीचा हिप्पोकॅम्पस मोठा मिळाला. ज्याला वाट शोधायची गरज, त्याचा मेंदू त्या बाजूने वाढतो. नर-मादी हा शिक्का नंतरचा.

माणसाच्या बाबतीत गरज ठरवतो तो समाज, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा भारतातूनच आला आहे. मोशे हॉफमन, उरी नीझी आणि जॉन लिस्ट यांनी ईशान्येकडच्या डोंगरांत खासी आणि कार्बी या शेजारी जमातींच्या आठ गावांत बाराशेहून जास्त माणसांना चार तुकड्यांचे एक चित्रकोडे जुळवायला दिले. निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. दोन्ही जमाती एकाच भागात राहतात, भात खातात, शेती करतात. फरक वारशाचा. खासींत घर आणि जमीन धाकट्या मुलीकडे जाते, कार्बींत मुलाकडे. कार्बी पुरुषांना कोडे सोडवायला बायकांपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी वेळ लागला. खासी गावांत स्त्री-पुरुषांत अंतरच उरले नाही. केवळ संप्रेरकांनी हे समजावून सांगता येत नाही. मुलींच्या शाळेची वर्षे आणि घराची मालकी यांचा या अंतराशी संबंध दिसला. हे वाचताना मला आठवते ते महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला ते वर्ष. देशभर तो हक्क २००५ मध्ये आला. सातबाऱ्यावर मुलीचे नाव चढणे आणि तिच्या मनात ठोकळा फिरणे यांचा संबंध असू शकतो, असे त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

वसई ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तिथे दृश्यरचनेचा वारसा मुळात बायकांकडेच होता. वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहायचा तो सवासिनींनी. तांदळाच्या पिठात बुडवलेल्या काडीने, खोडरबराविना, त्रिकोण-चौकोनांतून पालघट देवीभोवती सगळी सममित रचना उभी राहते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात पुरुष असून हे चित्र हातात घेतले, विधीबाहेर नेले, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौक लिहिणे आणि ठोकळे फिरवणे ही दोन कामे एक नव्हेत. पण भिंतीवर आकार तोलण्याचे काम एका जमातीत पिढ्यान् पिढ्या बायकांचे आणि टूलरूममध्ये तेच काम पुरुषांचे, ही वाटणी रक्ताने केलेली नाही.

वालीवसारख्या वसाहतीत बायका मोठ्या संख्येने दिसतात त्या पॅकिंगच्या आणि असेंब्लीच्या टेबलाशी. मशीनवर, सेटिंगला, टूलरूममध्ये क्वचित. त्यामागे घरून परवानगी, शिफ्टच्या वेळा, मालकाची सवय अशी पुष्कळ कारणे आहेत. ‘त्यांना ड्रॉइंग समजत नाही’ हे कारण मात्र टिकणारे नाही. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ मध्ये अवकाशीय चाचणीत मागे पडलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी खास वर्ग सुरू केला. हाताने रेखाटन करणे, घन कापून त्याचा छेद काढणे, ठोकळे फिरवून कागदावर उतरवणे असा साधा अभ्यास. गुण वाढले आणि त्या वर्गातून गेलेल्या मुली अभियांत्रिकी सोडून जाण्याचे प्रमाण घटले. डेव्हिड उट्टल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशा २१७ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सरावाचा लाभ स्त्री-पुरुष दोघांना झाला, टिकला आणि न शिकवलेल्या कामांतही उतरला. स्त्री-पुरुषांमधले अंतर जेवढे सांगितले जाते, जवळपास तेवढीच मजल सराव एकाच माणसाला गाठून देतो. आपल्याकडे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत घनभूमितीचा कागद असतो. शाळा तो गुणांपुरता उरकतात, पण मुलींना हा कागद मनापासून शिकवण्यासारखे स्वस्त आणि परिणामकारक काम दुसरे सुचत नाही.

संप्रेरकांचा अभ्यास दरम्यान गटांकडून एका माणसाकडे वळला आहे. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे एमिली जेकब्स यांच्या प्रयोगशाळेत लॉरा प्रिचेट या तरुण संशोधिकेने सलग तीस दिवस रोज स्वतःचे रक्त दिले आणि रोज स्वतःचा मेंदू स्कॅन करवून घेतला. निष्कर्ष २०२० मध्ये आले. इस्ट्रोजेन चढले तसे मेंदूच्या दूरदूरच्या भागांतले परस्परसंबंध घट्ट होत गेले, आणि प्रोजेस्टेरॉनबरोबर हिप्पोकॅम्पसच्या परिसरातल्या काही भागांचे आकारमान बदलत गेले. वूलींनी उंदरात पाहिलेली हालचाल माणसाच्या जिवंत मेंदूतही असल्याची ही खूण होती.

सर्वांत मोठी लाट गरोदरपणाची. तेव्हा ही संप्रेरके एरवीच्या शेकडोपटींनी चढतात. एलिझाबेथ क्रॅस्टिल या मेंदूशास्त्रज्ञ आहेत, आणि माणूस वाट कशी शोधतो हाच त्यांचा संशोधनाचा विषय. वयाच्या अडतिसाव्या वर्षी आई व्हायचे ठरवले तेव्हा त्यांनी स्वतःचाच मेंदू अभ्यासाला दिला : गर्भधारणेच्या तीन आठवडे आधीपासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत २६ स्कॅन. २०२४ मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये तो नकाशा प्रसिद्ध झाला. मेंदूच्या बहुतेक सगळ्या भागांत करडा द्रव्यभाग थोडा आक्रसत गेला, आणि त्याच वेळी दूरच्या भागांना जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंची वीण दुसऱ्या तिमाहीच्या अखेरीपर्यंत अधिक घट्ट झाली. तंतू बाळंतपणानंतर पूर्ववत झाले. करड्या भागातले बरेचसे बदल दोन वर्षांनीही शिल्लक होते. असा सलग नकाशा याआधी एकाही गर्भवतीचा नव्हता. १९९०च्या दशकापासून मानवी मेंदूच्या स्कॅनवर सुमारे पन्नास हजार शोधनिबंध निघाले. पाळी, गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण किंवा रजोनिवृत्ती यांचा विचार त्यातल्या अर्ध्या टक्क्याहून कमी निबंधांनी केला आहे. जेकब्स आणि सहकाऱ्यांनी आता अमेरिका आणि स्पेनमधल्या आणखी गर्भवतींचे स्कॅन सुरू केले आहेत.